ग्राइंडरच्या ब्लेडचं बिल कशाला जपायचं?

फरशीवाला_चाकण
दहा वर्षं लेबर रेटने फरशी बसवतोय. बिल्डर प्रत्येक बिलातून 1 टक्का टीडीएस कापतो. 2025-26 मध्ये 18 लाखांची बिलं झाली, सगळे पैसे खात्यावर. 44एडी (वह्या न ठेवता बिलांच्या ठराविक टक्के नफा दाखवायची छोट्या धंद्यांसाठीची आयकरातली सोय) खाली 6 टक्के नफा दाखवला की उत्पन्न 1 लाख 8 हजार. कर शून्य, कापलेले 18 हजार परत. मग कटर, ब्लेड, टेम्पोभाडं यांच्या पावत्या डब्यात कोंबत कशाला बसायचं? छोट्या ठेकेदाराने बिलं जपूच नयेत, असं माझं स्पष्ट मत.

सेंट्रिंग_अण्णा
हेच मी चार वर्षं केलं. मग घराच्या कर्जाला बँकेत गेलो. साहेबांनी रिटर्न बघितलं आणि म्हणाले, "वर्षाला सव्वा लाख कमावता, हप्ता कशातून भरणार?" माझ्याकडचा मिस्त्री त्याच्या दुप्पट कमावतो! मान खाली घालून बाहेर आलो.

साईटवरचा_पगारदार
तुम्ही निदान 94 टक्के खर्च न दाखवता पदरात पाडून घेता. मी साईट इंजिनिअर, पगार महिना सव्वा लाख. सेफ्टी शूज माझे, दोन साईटांमधलं पेट्रोल माझं, लेझर मीटरसुद्धा मीच घेतला. वजावट? सरसकट 75 हजार, घरात बसून काम करणाऱ्याला मिळते तेवढीच.

फरशीवाला_चाकण
शूज कंपनीने द्यायचे असतात राव, ते आधी मागा. आणि पाऊस पडला की आमचं काम बंद, तुमचा पगार चालू. अदलाबदल करायची का?

हिशेबनीस
फरशीवाले, 6 टक्के ही किमान रेघ आहे (रोखीने आलेल्या पैशांवर 8). खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. शिवाय नवीन करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर लागतच नाही. म्हणजे तुम्ही 30 टक्के, 5 लाख 40 हजार दाखवले असते तरी कर शून्यच आणि परतावा तोच 18 हजार. कमी दाखवून तुम्ही नेमकं वाचवलंत काय?

फरशीवाला_चाकण
हे कुणी सांगितलं नव्हतं. पण म्हणून वह्या लिहीत बसणार नाही. दर शनिवारी मुकादमाच्या हातात 20 हजार रोख ठेवतो. हिशेब मांडायला गेलो तर एका दिवसात एका माणसाला 10 हजारांच्या वर रोख दिलेलं खर्चात धरत नाहीत. शिवाय 44एडी सोडलं की पुढची पाच वर्षं परत येता येत नाही.

सेंट्रिंग_अण्णा
सोड कोण म्हणतंय? 44एडीतच राहा. पण खरा नफा 30 टक्के की 20, हे कशावरून काढणार? डब्यातल्या पावत्यांवरूनच ना?

फरशीवाला_चाकण
डबा बायकोने रद्दीत दिला गेल्या दिवाळीला.