सल्ला हवा आहे: कावळा शिवत नाही तिथे कथा अडली आहे

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. सात वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढते आहे. सांभाळून घ्या.

एक कथा लिहिते आहे. अकरा पानं झाली आणि तीन महिने बारावं पान हलत नाहीये. गाव चिपळूण. २२ जुलै २०२१ चा पूर येऊन गेलेला. २००५ सालच्या पुरात तग धरलेल्या भिंतीही या वेळी खचलेल्या, वाचन मंदिराची पुस्तकं भिजून लगदा झालेली, आणि घराघरात एकच चौकशी, 'मोटार चालू होईल ना?' कथेतल्या सुलभाच्या नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, म्हणजे पंपांच्या जळलेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं. पुरानंतर चार महिने हा माणूस रात्री अकराच्या आत घरी आला नाही. निम्मं काम उधारीवर. मार्च २०२२ मध्ये दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या गेला. वय ५२.

दहाव्याला पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर ओळीने बसलेले, पण एकही खाली उतरेना. मग आपल्याकडे जे सुरू होतं ते सुरू झालं. 'दुकान बंद पडू देणार नाही.' 'मुलीचं शिक्षण पुरं करू.' 'उधारीसाठी कोणाच्या दारात जाणार नाही.' प्रत्येकाने झाडाकडे तोंड करून एकेक कबुली दिली. तासभर. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आणि भांडी आवरताना काळेकाकू हळूच म्हणाल्या, "मिरजोळीचं काही राहिलं असेल हो त्याचं."

एवढंच. तेराव्यापर्यंत त्या मिरजोळी गावाला एक बाई आली, बाईला घर आलं, घरामागे विहीर आली आणि विहिरीवर दादाने फुकट बसवून दिलेला पंप आला. वर पुरावाही सापडला. उधारीच्या वहीत सगळ्यांपुढे रकमा आहेत, एका ओळीत मात्र नुसतं 'मिरजोळी, मोनोब्लॉक, ०'. मोनोब्लॉक म्हणजे मोटार जोडलेला पंप.

दोन प्रश्न आहेत. त्या शून्याचा खुलासा वाचकाला द्यावा का? आणि दुसरा, मैत्रिणीने वाचून सांगितलं की गावातल्या बायकांचं बोलणं टीव्हीवरच्या मालिकेतलं वाटतं. ते खरं कसं उतरवायचं? दहा वेळा खोडलंय.

कृष्णाकाठची

ताई, कावळ्याचा प्रसंग अंगावर आला. दुसऱ्या प्रश्नापुरतं बोलते, कारण या विषयात मी शिरोळ तालुक्याची पदवीधर आहे.

तुमच्या कथेतल्या बायका सरळ आरोप करतात का? आमच्याकडे कोणी कधीच आरोप करत नाही. 'म्हणे' करतो सगळं काम. "तिकडं जायचा म्हणे." कोण म्हणे? ते कधी कळत नाही. सुरुवातीला 'आपल्याला काय करायचंय म्हणा' आणि शेवटी 'मी आपलं ऐकलं ते सांगितलं, माझं नाव नको घेऊस'. बाईचं नाव तर कधीच निघत नाही. 'ती घाटावरची', 'ती पंपवाली'. आणि हे सगळं भाजी निवडताना, मान वर न करता. मालिकेत डोळे वटारतात, तिथेच ते खोटं पडतं.

दुसरं. कथा मार्च २०२२ ची आहे, तर त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या शेजारच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. तुमच्या सुलभाने ते पेपरात वाचलं असणार. माझ्या जाऊबाईंनी वाचलं. त्यांनी टिकलीचं पाकीट आणलं आणि आठ महिने कपाटात ठेवलं. एके दिवशी लावली, तर शेजारीण म्हणाली, "बरी दिसतेय." तीच शेजारीण दुपारी दुसऱ्या आळीत काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. पण जाऊबाईंना ताप आला तेव्हा पेज करून आणणारीही तीच. तिला कथेत घ्यायची असेल तर पेजेसकट घ्या.

नाना वकील

अवांतर: कोकणाला हे नवं नाही. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूडने त्यांना वाळीत टाकलं होतं. आता महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. पंचांनी बसून वाळीत टाकलं तर कलम लागतं. ओट्यावर बसून 'म्हणे' म्हटलं तर त्या कायद्यातलं काहीच लागत नाही. चाळीस वर्षांच्या वकिलीत माझ्याकडे अशा तीन बायका आल्या, तिघींनाही चहा पाजून परत पाठवावं लागलं.

शून्याचा खुलासा देऊ नका. वाचकाला घोळू द्या.

खोडरबर

कथा चांगली होईल. दोन शंका, राग मानू नका, माझी सवय आहे.

१) कोकणात बहुतेक घरांतून दहाव्याला बायका नदीवर जात नाहीत. शेजारच्या काळेकाकू तिथे भांडी आवरायला कशा पोचल्या? घरच्याच कोणी असतील तर समजू शकतो.

२) 'दादाने फुकट बसवून दिलेला पंप.' सुलभाच्या नवऱ्याला दादा कोण म्हणतंय?

वाशिष्ठीकाठ

खोडरबर, दिवसभर ऑफिसात तुमचा प्रतिसाद उघडत होते आणि मिटत होते.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. कथा म्हणून लिहिली म्हणजे लपेल असं वाटलं होतं. नदीवर बायका दोघीच होतो, माझी भाची आणि मी. दादाला मुलगा नव्हता म्हणून ती हट्टाने आली आणि तिला सोबत म्हणून मी. काळेकाकू त्या दिवशी घरी वहिनीच्या शेजारी बसून होत्या, पाठीवर हात ठेवून.

वाक्य माझं आहे.

का बोलले ते नीट सांगता येत नाही. ऊन चढलं होतं, कावळे हलत नव्हते, आणि मला दादाचा राग आला होता. एवढी माणसं एवढं कबूल करतायत, तुला अजून काय हवंय? आदल्या आठवड्यात दुकानाची वही चाळताना ते शून्य दिसलं होतं, ते तोंडातून निघून गेलं. शेजारी मावसबहिणीचा नवरा उभा होता. त्याच्याकडून घरी मावसबहिणीला, आणि पुढचं कृष्णाकाठची म्हणतात तसंच.

वहिनीने तेराव्यानंतर विसाव्या दिवशी दुकान उघडलं. मग तिच्यावर आणि दुकानातल्या पोऱ्यावर बोलणं सुरू झालं, ते वेगळंच. मी टपालात आहे, खिडकीपलीकडे रोज दीडशे माणसं. मला सगळं ऐकू येत होतं आणि मी तिकिटं मोजत होते.

अजून एक, हे कथेत लिहायचा धीर झाला नाही. गेल्या वर्षभरात मिरजोळीचं कोणी काढत नाही. लोकांना नवीन विषय मिळाले. आणि त्याबरोबर दादाचं नावही कोणी घेत नाही. परवा खिडकीवर एकाने वहिनीचं दुकान 'ते वाइंडिंगवाल्या बाईचं' म्हणून सांगितलं. घरी येऊन मी रडले. चमत्कारिक आहे, पण वाटलं, निदान वाईट तरी बोलत होते तेव्हा त्याच्याबद्दल बोलत होते.

कृष्णाकाठची

ताई, काळेकाकूंना सोडा त्या कथेतून. बिचाऱ्या पाठीवर हात ठेवून बसल्यात.

नाना वकील

माझा आधीचा सल्ला मागे घेतो. आधी वहिनींना वाचायला द्या. शून्याचं नंतर बघू.

वाशिष्ठीकाठ

उशिरा लिहितेय, माफ करा. रविवारी अकरा पानं घेऊन दुकानात गेले. वहिनी मोटारीच्या स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांमध्ये कागद भरत होती. आता ती कॉइलही स्वतः भरते, पोऱ्या फक्त वजनाची कामं करतो. म्हटलं, वाच, आणि वाचून झाल्यावर मला काय बोलायचं ते बोल. काळेकाकूंचं नाव खोडून तिथे 'नणंद' लिहून नेलं होतं. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि स्टुलावर बसून वाचायला लागली. त्याच स्टुलावर. मी बाहेर जाऊन उभी राहिले. चहावाल्याकडे दोन चहा सांगितले, दोन्ही मीच प्यायले.

आत गेले तर ती वही काढून बसलेली. मला पानं उलटून दाखवली. शून्यं एक नव्हे, सात होती. खेर्डी, ०. पेढे, ०. मिरजोळी, ०. म्हणाली, "परत जळलेल्या मोटारी आहेत या. पुरानंतर घाईघाईत भरायचा, नीट सुकायच्या आत वार्निश मारायचा, पंधरा दिवसांत जळून परत यायच्या. मग दुसऱ्यांदा भरून द्यायचा आणि पैसे घ्यायचा नाही. लाज वाटायची त्याला. रात्री उशिरा नेऊन बसवून यायचा, कोणी बघू नये म्हणून."

मी म्हटलं, तुला हे पहिल्यापासून माहीत होतं?

"मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "सगळे मला सोडून सगळ्यांना विचारत होते."

नणंदेबद्दल तिने काहीही म्हटलं नाही. मी वाट बघत होते. पानं परत देताना एका ठिकाणी पेन्सिलीची खूण होती. मी लिहिलं होतं की सुलभाने दुकान उघडल्यावर पन्नास मीटर तांब्याची तार मागवली. मीटर खोडून समासात लिहिलंय, 'तार किलोवर मिळते.' आणि खाली, 'उरलेलं कधी लिहिणार?'

बारावं पान काल रात्री सुरू केलं.