पेशंट गेल्यावर उरलेली ड्युटी कशी करता?

धुळे, जळगाव, नंदुरबारच्या सिस्टर-ब्रदर मंडळींनी लिहावं. सांत्वन नको, वॉर्डात प्रत्यक्ष काय करता तेवढंच सांगा.

धुळे, आयसीयू
डॉक्टरांनी सपाट ईसीजीची पट्टी काढून वेळ लिहिली की आधी मॉनिटर बंद करा. तो अलार्म घरापर्यंत मागे येतो. बॉडी आवरायला दोघी लागतात, नव्या मुलीला एकटीला सोडू नका. डोळे मिटवा, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी द्या, ट्यूब-कॅथेटर काढा, तोंड ओल्या गॉजने पुसा. जबडा २-३ तासांत ताठरायला लागतो, मग तोंड मिटत नाही. पुसताना पेशंटशी नावाने बोलणाऱ्या सिस्टर असतात, त्यांना हसू नये. एमएलसी (पोलीस केस) असेल तर नळ्या जागच्या जागी, पुसणंही नाही. तिथे हाताला कामच उरत नाही, म्हणून ती केस जास्त दिवस डोक्यात राहते.

जळगाव, मेडिसिन वॉर्ड
कॉट तासाभरात भरते. इनचार्जनी मध्ये १० मिनिटं तरी द्यावीत आणि त्या सिस्टरला लगेच इंजेक्शन भरायला लावू नये. इन्सुलिनची लाल टोपणाची ४० युनिटची सिरिंज आणि केशरी टोपणाची १०० ची, अदलाबदल अशाच वेळी होते. भरलेलं इन्सुलिन दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या.

आणि म्हातारी माय ‘मना पोऱ्या कसा शे?’ विचारते तेव्हा ‘सिरीयस शे’ म्हणत ताटकळत ठेवू नका. डॉक्टरांना बोलवा, तिला बसवा, सांगेपर्यंत शेजारी थांबा. खोटं बोललेलं जास्त टोचतं.

नंदुरबार, एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा कक्ष)
बाळ गेलं तर वायरी, चिकटपट्टी काढून, मऊ फडक्यात गुंडाळून आईच्या हातात द्यायचं. घाई करायची नाही. ताब्याचे कागद मात्र तोवर तयार हवेत. धडगाव-मोलगीकडे घाटातून जायचं असतं, सहीसाठी खोळंबा झाला की दुःखाचा राग होतो आणि समोर सिस्टरच असते.

धुळे, नाइट ड्युटी
पुढच्या ड्युटीला ओव्हर देताना ‘७ नंबर एक्स्पायर’ एवढ्यावर पुढे जाऊ नका. नाव, वेळ, शेवटी कोण जवळ होतं, हे सांगा. दोन आठवडे झोप लागत नसेल, त्या कॉटकडे जाणं टाळलं जात असेल, तर टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६. फोन फुकट, २४ तास चालू.

युनिफॉर्म वेगळ्या पिशवीत, घरी पोचल्यावर आधी अंघोळ. ती सुतकासाठी की इन्फेक्शनसाठी, यावर सासूशी वाद नको, पाणी तेच.