जुन्या गाडीतील न सापडणारी कूलंटगळती : आपले अनुभव लिहा

१५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करून, हरित कर भरून ती पुढे चालवणारी कुटुंबे पुण्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते : बाटलीतील कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी खालच्या रेषेच्याही खाली जाते, भरले की पुन्हा उतरते, परंतु गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. मग अंदाजाने आधी होज पाइप, नंतर वॉटर पंप, नंतर रेडिएटर असे एकेक भाग बदलले जातात आणि खर्च वाढत जातो. म्हणून हा धागा काढला आहे.

एक विनंती आहे. कोणता भाग बदलला एवढेच न लिहिता गळती नेमकी केव्हा होत होती, म्हणजे इंजिन थंड असताना, तापल्यावर की गाडी बंद केल्यानंतर, हे अवश्य लिहावे. तापलेल्या इंजिनातील कूलंट रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या घट्ट झाकणाच्या जोरावर साधारण १ बार (म्हणजे हवेच्या दाबाएवढ्या) जादा दाबाखाली असते. त्या दाबाला साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. ज्या फटीतून एवढा दाब असतानाच कूलंट झिरपते, ती फट थंड गाडीचे बॉनेट उघडून कितीही न्याहाळली तरी कोरडीच दिसणार. त्यामुळे जागेच्या आधी वेळ शोधावी, असे माझे ठाम मत आहे.

कोथरूड

आमच्या गाडीची गळती थंडीतली होती. नोव्हेंबर संपून पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरू लागले की पातळी घटायची, आणि उन्हाळ्यात ती तसूभरही हलायची नाही. दिवसा गॅरेजमध्ये नेली की सारे कोरडे. शेवटी मेकॅनिकनेच सुचवले, की गाडी रात्रभर त्यांच्याकडे ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू न करताच प्रेशर टेस्टर लावून पाहावा. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब दिला, तेव्हा काटा हळूहळू, पण न थांबता खाली येऊ लागला. रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची, दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, आणि त्यांना पकडून ठेवणाऱ्या दुमडलेल्या पत्र्याच्या दातांमध्ये हिरवट पांढरी, मिठासारखी पापडी धरलेली होती. तिच्या खालच्या टोकाला एक थेंब फुगत होता आणि बराच वेळ लोंबून मग पडत होता. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम थंडीत सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, मधले रबरी सील वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेले असते, आणि इंजिन तापले की सांधा पुन्हा घट्ट बसतो. नवा रेडिएटर बसवला. सांध्याला बाहेरून चिकटद्रव्य लावण्याचा सल्लाही मिळाला होता; तो मानला नाही याचे समाधान आहे.

वानवडी

आमचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. शहरात गाडी निर्दोष चालायची. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढला की मात्र गोडसर, उग्र वास यायचा आणि परतल्यावर पातळी उतरलेली असायची. खाली काही पडतच नव्हते, कारण जे झिरपत होते ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडून जागीच वाफ होऊन जात होते. कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून पुन्हा तोच घाट चढून आलो आणि रात्री अतिनील टॉर्च मारून पाहिले, तेव्हा वॉटर पंपाच्या अंगातील बारीक छिद्रापासून खाली पिवळट हिरवी रेघ उजळून निघाली. हे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते : आतील सील झिजल्यावर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तेथून बाहेर यावे, हा त्याचा हेतू. त्यामुळे ते बुजवणे हा उपायच नव्हे. आमच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपांची वेळ साधणाऱ्या पट्ट्यावर) चालतो, म्हणून दोन्ही एकत्र बदलले. एरवी तीच मजुरी दोनदा द्यावी लागली असती.

सिंहगड रस्ता

आमच्याकडे दोष निघाला तो केवळ रेडिएटरच्या झाकणात. बाटलीत पातळी वाढलेली, रेडिएटर मात्र रिता, आणि गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला, ही त्याची खूण. झाकणात दोन झडपा असतात. एक दाब वाढला की कूलंट बाटलीत सोडते आणि दुसरी थंड होताना ते परत आत घेते. ही दुसरी अडकली होती. नाना पेठेत झाकण घेताना त्यावरील ०.९ किंवा १.१ हा दाबाचा आकडा जुन्याशी जुळवून घ्यावा, नुसते बसते म्हणून घेऊ नये.

औंध

पावसाळ्यात आमच्या गाडीची समोरची काच आतून धुरकट व्हायची आणि पुसली तरी तेलकट ओघळ राहायचे. डाव्या बाजूला पायांखालचे कार्पेट ओले लागायचे. अशा वेळी एसीच्या पाण्याचा संशय येणे स्वाभाविक आहे, कारण एसीची आणि हीटरची कॉइल डॅशबोर्डमागे एकाच पेटीत असते. फरक बोटांना कळतो : एसीचे पाणी निव्वळ पाणी असते, तर कूलंट दोन बोटांत चोळले की बुळबुळीत लागते. चाखून मात्र कदापि पाहू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि सांडलेले कूलंट चाटल्याने कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेतते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते दिसल्यास लगेच फडक्याने टिपून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुण्यात हीटर लागतोच कुठे, असे म्हणून कॉइलकडे जाणारे दोन्ही पाइप बाहेरच एकमेकांना जोडून टाकण्याचा मार्ग सुचवला गेला. त्यात पैसे वाचतात हे खरे. पण ताम्हिणीत धुक्यापावसात काच स्वच्छ ठेवायला गरम हवाच कामी येते, म्हणून मी डॅशबोर्ड उघडण्याची मजुरी देऊन कॉइल बदलून घेतली.

चिंचवड

वरील सर्व ठिकाणे कोरडी असतील आणि तरीही कूलंट घटत असेल, तर ते इंजिनातच जळते आहे का, हे पाहावे लागते. आमच्या गाडीत थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडण्याच्या कितीतरी आधी, वरचा होज पाइप हाताला टणक लागू लागला. इतक्या लवकर उष्णतेने दाब तयार होत नाही. तो सिलिंडरमधून आलेल्या वायूंचा असतो. खात्रीसाठी मेकॅनिकने रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची चाचणी केली. वर येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर हा द्रव पिवळा पडतो, आणि तो पडला. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, उतरवून भोसरीतील वर्कशॉपमध्ये त्याचे फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे) करून घेतले आणि नवे हेड गॅस्केट, म्हणजे त्याखालचे सील, बसवले. गळती बुजवणारी पावडर कोणीही टाकू नये, असे मी आग्रहाने सांगेन. नको असलेली फट आणि हीटर कॉइलची अरुंद नळी यांत तिला भेद कळत नाही. बोअरचे पाणीही वर्ज्य समजावे, कारण त्यातील क्षारांचा थर आत साचतो.

धायरी

माझ्या गाडीत थंड असताना टेस्टरचा दाब टिकतो आणि घाटातही वास येत नाही. मात्र गाडी बंद करून थोड्या वेळाने बॉनेट उघडले की बाटलीच्या खालच्या बाजूस ओल दिसते व सकाळपर्यंत ती वाळून जाते. झाकण बाटलीवरच आहे, रेडिएटरवर नाही. काय समजावे?

धागाकर्ता

इंजिन बंद होताच पंप थांबतो, पण तापलेल्या हेडमधील उष्णता पाण्यात येतच राहते, त्यामुळे तापमान आणि दाब काही काळ उलट वाढतात. आपण सांगता तशा रचनेत बाटलीवरही हाच दाब असतो. ती दोन भाग जोडून केलेली असते आणि जुने, पिवळे पडलेले प्लॅस्टिक त्या जोडावर तडकते. केसाएवढा तडा तापल्यावरच उघडतो. गाडी बंद केल्यावर झाकणाला हात न लावता, आणि विजेचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो हे लक्षात ठेवून, जोडाखाली वर्तमानपत्राची कोरडी पट्टी खोचून ठेवावी. ती जेथे आधी भिजेल तेथे तडा असेल. बाटली बदलताना झाकणही नवेच घ्यावे, कारण झाकणाची झडप चिकटून दाब मर्यादेपलीकडे जात असेल तर नवी बाटलीही त्याच जोडावर तडकेल.