समुद्री चाचेगिरी: भुकेतून की धंद्यातून?

टॉवेलवाला

मार्च २०२४ मध्ये आपल्या आयएनएस कोलकाताने ‘रुएन’ हे पळवलेलं मालवाहू जहाज सोडवलं, ३५ सोमाली चाचे धरले आणि मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केले. परवा मित्रांत त्यावरून विषय निघाला आणि नेहमीचं वाक्य कानावर आलंच: “बिचारे मच्छीमार हो. परदेशी ट्रॉलरनी मासे पळवले म्हणून त्यांनी बंदूक धरली.” मला हे अर्धंच पटतं, आणि ते अर्धंसुद्धा लोक फार ताणतात. म्हणून धागा काढतोय.

सोलापूरकराला समुद्रातलं काय कळतं, हे आधीच विचारून घ्या. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याची एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. २००९ च्या सुमारास शिपिंग लाइनच्या बिलात भाड्याखाली एडनच्या आखाताचा म्हणून वेगळा अधिभार यायला लागला. तेव्हापासून थोडंफार कळतं.

१९९१ ला सियाद बर्रेचं सरकार पडलं आणि सोमालियाला ना नौदल उरलं ना तटरक्षक. परदेशी ट्रॉलर घुसले, हे कुणी नाकारत नाही. पण जून २००५ मध्ये ‘सेमलो’ जहाज पळवलं, त्यात काय होतं? जागतिक अन्न कार्यक्रमाचा ८५० टन तांदूळ, तोही सोमालियातल्याच त्सुनामीग्रस्तांसाठी निघालेला. मासे चोरले ट्रॉलरवाल्याने आणि राग काढला तांदळावर?

पुढचं बघा. २००६ मध्ये इस्लामी न्यायालयांच्या संघटनेने मोगादिशू आणि दक्षिणेचा बराच भाग सहा महिने ताब्यात ठेवला आणि चाचेगिरीवर बंदी घातली. तेवढा काळ ती जवळपास थंडावली. डिसेंबरात इथिओपियाचं सैन्य घुसलं, संघटना उधळली गेली, आणि दोन वर्षांत चाचेगिरी पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली. त्या सहा महिन्यांत भूक काही मिटली नव्हती. शेजारचं सोमालीलँडही तसंच गरीब, एडनच्या त्याच आखातावर. पण तिथे कसंबसं का होईना, चालणारं प्रशासन आहे. तिथून चाचे जवळजवळ निघालेच नाहीत.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. भूक सगळीकडे होती. चाचे तयार झाले ते जिथे अडवणारं कुणी नव्हतं आणि पैसे लावणारा होता, तिथे.

माळढोक

अण्णा, मांडणी झकास. पण गोष्ट सुरू कुठून करायची ते तुम्ही सोयीने ठरवलंत. २००५ पासून का? नव्वदच्या दशकापासून करा की. तेव्हा मच्छीमार होड्या घेऊन ट्रॉलरवर जायचे, जाळी तोडली म्हणून भरपाई मागायचे, “दंड” वसूल करायचे. ट्रॉलरवालेही काही साधे नव्हते, ते होड्यांवर उकळतं पाणी टाकायचे अशा तक्रारी आहेत. नंतरच्या टोळ्यांनी स्वतःला “राष्ट्रीय स्वयंसेवी तटरक्षक” अशी नावं घेतली, ती काय उगाच?

आणि विषारी कचरा विसरलात. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावर येऊन पडलेल्या पिंपांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने केली आहे. इलारिया अल्पी ही इटालियन पत्रकार शस्त्रं आणि कचऱ्याच्या व्यवहाराचा माग काढत होती. मार्च १९९४ मध्ये मोगादिशूत तिला आणि तिच्या कॅमेरामनला गोळ्या घातल्या. सावकार आला तो खूप नंतर, पोळी भाजून घ्यायला. चूल पेटवली होती दुसऱ्यांनी.

बार्शीलाईट

इंग्रज कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणायचे. उद्या हे सोमाली सरखेल (आरमारप्रमुख) ठरले तर? :)

टॉवेलवाला

बार्शीलाईट, हे येणार याची खात्री होतीच. आंग्रे स्वराज्याचे सरखेल. दस्तक (समुद्रात फिरायचा परवाना) द्यायचे, ते घेणाऱ्याला सोडायचे, न घेणाऱ्याला धरायचे, आणि मागे छत्रपतींची सत्ता होती. इंग्रजांना समुद्र स्वतःचा वाटत होता, तो त्यांचा प्रश्न. सोमाली किनाऱ्यावरच्या हरारढेरे गावच्या टोळीमागे कोण होतं? ज्याने होडीला डिझेल दिलं तो.

माळढोक, तुमच्या नव्वदच्या मच्छीमाराबद्दल माझी तक्रार नाही. पण किनाऱ्यापासून हजार सागरी मैलांवर जाऊन तेलाचं टँकर पकडायला मदर शिप (छोट्या होड्या सोबत नेणारं मोठं जहाज) लागते, जीपीएस लागतो, इंग्रजी बोलणारा दलाल लागतो, आणि चार महिने पहारा देणाऱ्या पोरांचं जेवण लागतं. नोव्हेंबर २००८ ला ‘सिरियस स्टार’ पकडलं, त्यात वीस लाख बॅरल तेल होतं. हे जाळं फाटलेल्या माणसाचं काम आहे?

जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हे कार्यालय आणि इंटरपोल यांचा २०१३ चा अहवाल आहे. २००५ ते २०१२ या काळात १७९ जहाजं पळवली, खंडणी अंदाजे ३४ ते ४१ कोटी डॉलर. त्यातला ३० ते ५० टक्के पैसा लावणाऱ्यांच्या खिशात. शिडी चढून जाणाऱ्या पोराला ठरलेले ३० ते ७५ हजार डॉलर. पहिल्यांदा डेकवर चढणाऱ्याला किंवा स्वतःची बंदूक, शिडी आणणाऱ्याला वर बक्षीस. आणि खरी गंमत पुढे आहे. जहाज अडकून पडलेलं असताना पोरांना जेवण आणि खात (ती चघळायची नशेची पानं) उधारीवर, चढ्या भावाने. खंडणी आली की आधी उधारी कापायची, मग उरलेलं हातात. आपल्याकडे ऊसतोड्याची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) कशी फिरते ते माढा-पंढरपूरकडच्यांना सांगायला नको.

माळढोक

मग उचल घेणारा का घेतो, तेही सांगा की. घरी पाणी असतं तर कोयता घेऊन कारखान्यावर गेला असता का? तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय.

टॉवेलवाला

तो जातो कारण कमी पडतं, मान्य. पण मुकादम आणि उचल नसेल तर तो दुसरीकडे कुठेतरी जाईल, चोरी करायला नाही. लाखभर माणसं गरीब असतात, त्यातले दोन हजार चाचे होतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णव हजारांना तुमचं उत्तर लागू का पडत नाही?

शेंगाचटणी

काय बे, आपले कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागले ते याच चाच्यांमुळे ना? दहा-बारा दिवस जास्त लागतात म्हणे.

टॉवेलवाला

नाही. ते येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्रांमुळे. त्यांनी १९ नोव्हेंबर २०२३ ला ‘गॅलेक्सी लीडर’ पकडलं आणि पुढे तांबड्या समुद्रात हल्ले सुरू केले. सगळ्यांचं लक्ष आणि युद्धनौका तिकडे वळल्या, इकडे सोमाली टोळ्यांना मोकळं रान मिळालं. ‘रुएन’ लगेच पुढच्याच महिन्यात पळवलं. हीही माझ्याच बाजूची साक्ष समजा.

कोरडवाहू खलाशी

मंगळवेढ्याचा माणूस, मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये. पहिल्यांदाच लिहितोय. तुमची दोन्ही कारणं किनाऱ्यावरची आहेत, मी डेकवरून सांगतो.

चाचे कुठलंही जहाज पकडत नाहीत. जे संथ चालतं आणि ज्याचं डेक पाण्यापासून फार उंच नाही, ते पकडतात. दहा-बारा नॉट वेगाचं, भरलेलं, म्हातारं टँकर. दोन फायबरच्या होड्या मागून येतात, आकडा लावलेली शिडी टेकवतात, पाच-सात मिनिटांत माणसं वर. धोक्याच्या पट्ट्यात आम्ही रेलिंगला काटेरी तारेची वेटोळी बांधायचो, आगीचे पाइप बाहेर तोंड करून बांधून ठेवायचो, रात्री डेकवरचे दिवे बंद. शेवटची पळायची जागा म्हणजे आतून बंद होणारी खोली, बहुतेकदा स्टिअरिंग गिअरची. पाणी, बिस्किटं आणि सॅटेलाइट फोन आधीच तिथे नेऊन ठेवलेले. सशस्त्र गार्ड असलेलं जहाज सोमालियाच्या टोळ्यांना त्या काळात पळवता आलं नाही. पण गार्डचे पैसे कोण देणार? मोठी कंपनी देते. जुनाट जहाजाचा मालक देत नाही. मालक एका देशात, झेंडा (म्हणजे जहाजाची नोंदणी) पनामाचा, माणसं भारत-फिलिपिन्सची. अंगावर आलं की जबाबदार कोण, ते शोधत बसा.

‘आइसबर्ग वन’ मार्च २०१० ला पळवलं. मालकाने हात वर केले आणि माणसं डिसेंबर २०१२ पर्यंत जहाजावर. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ची खंडणी भरून झाली, तरी सात भारतीयांना टोळीने ठेवून घेतलं, कारण आपल्या नौदलाने धरलेले शंभराहून जास्त चाचे त्यांना सोडवून हवे होते. ते सात जण ऑक्टोबर २०१४ ला सुटले. धंदा चालू राहतो तो मालकांनी चालू ठेवल्यामुळेसुद्धा. गरीब सोमाली एका टोकाला आणि गरीब खलाशी दुसऱ्या टोकाला. मधल्यांचं कुणी नाव घेत नाही.

उजनी बॅकवॉटर

टॉवेलवाला, सरकार नाही म्हणून चाचे, हे सोमालियात बसतं. नायजेरियाचं काय? तिथे सरकार आहे, नौदल आहे, तेलाचा पैसा आहे. तरी २०२० साली जगभरात जहाजांवरून पळवलेल्या १३५ खलाशांपैकी १३० नायजेरियालगतच्या गिनीच्या आखातातले. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात तेलगळतीने खाड्या काळ्या झाल्या, मासळी गेली. त्याविरुद्ध बोलणाऱ्या केन सारो-विवांना १९९५ मध्ये फासावर दिलं. पुढे तिथलीच पोरं पाइपलाइन फोडायला लागली आणि तिथून जहाजांवर गेली. हे “अडवणारं कुणी नाही” यात कसं बसवता?

मलाक्काच्या सामुद्रधुनीची गोष्ट वेगळी. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर इंडोनेशियात चाचेगिरी वाढली, २००४ पासून तीन देशांनी मिळून गस्त घातली, २००५ ला इंडोनेशियाच्या आचे प्रांतात बंडखोरांशी समझोता झाला, आणि ती उतरली. थोडक्यात, एका सूत्रात तिन्ही समुद्र बसत नाहीत.

टॉवेलवाला

बसवतो. नायजेरियात अडवणारा आहे, पण त्याला वाटा मिळतो. चोरीचं तेल टँकर भरून विकलं जातं ते काय कुणाला न दिसता? मलाक्का तर सरळ माझ्या बाजूने आहे. गस्त आली, चाचेगिरी उतरली. त्या दोन वर्षांत इंडोनेशिया काही श्रीमंत झाला नव्हता.

तारेपलीकडे

बराच वेळ वाचतोय. सोलापुरात बसून ही चर्चा चाललीय आणि सेटलमेंटचं नाव कुणी काढत नाही, याचं नवल वाटलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमच्यासारख्या जमाती जन्मतःच चोर ठरल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावायची, मिलमध्ये कामाला न्यायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, शिक्का गेला नाही.

माळढोक, “बिचारे मच्छीमार” म्हणता, पण सोमालियातल्या एयलच्या किंवा होब्योच्या कुठल्याही मच्छीमाराकडे जग आज कसं बघतं? फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या टँकरवरच्या इटालियन नौसैनिकांनी दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. ते तर आपलेच होते. पोट गेल्यामुळे माणूस चाचा होतो असं एकदा ठरवलं, की ज्याचं पोट गेलंय तो प्रत्येक जण संशयित. बैलांच्या तांड्यांवर मीठ-धान्य वाहणारे बंजारे रेल्वे आल्यावर बेकार झाले. सगळे दरोडेखोर झाले का? नाही झाले.

आणि टॉवेलवाला, तुम्हीही खूश होऊ नका. अडवणारा हवा म्हणता. कायद्याने आम्हाला अडवलंच होतं.

माळढोक

हे मात्र विचार करायला लावणारं आहे. पण ट्रॉलरचा मुद्दा मी सोडत नाही. २०१२ नंतर युद्धनौकांनी चाच्यांना हाकललं, आणि परदेशी ट्रॉलर पुन्हा आले अशी तक्रार किनाऱ्यावरचे लोक तेव्हापासून करतायत. युद्धनौकांना परवानगी होती चाच्यांना धरायची, मासेचोरांना नाही. एकाच पाण्यात एका चोरीला गस्त आणि दुसरीला वाट, याला काय म्हणायचं?

टॉवेलवाला

अन्याय म्हणायचं, आणि त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला येईन. पण त्याने चाच्याचा हिशोब बदलत नाही. ‘अफवेने’ नावाच्या सोमाली टोळीप्रमुखाला बेल्जियमने कसं धरलं माहीत आहे ना? त्याच्या आयुष्यावर चित्रपट काढतोय, सल्लागार म्हणून ये, असं आमिष दाखवून २०१३ ला ब्रुसेल्सला बोलावला आणि विमानतळावरच उचलला. २०१६ ला वीस वर्षांची शिक्षा झाली. शिडी चढणारी पोरं मुंबईपासून सेशेल्सपर्यंत तुरुंगात भरलीत, त्याच्यासारखे किती धरले ते मोजा.

कोरडवाहू खलाशी

जाता जाता कामाचं बोलतो. आपल्या भागातली बरीच पोरं आता दलालाला तीन-चार लाख देऊन जहाजावर जायला निघतात. पैसे द्यायच्या आधी एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का, ते त्यांच्या वेबसाइटवर बघा. जहाजाचा झेंडा कुठला आणि खलाशांचा विमा आहे का, हेही लेखी मागा. विमा नसलेलं जहाज अडकलं, तर सोडवायला कुणी येत नाही.