उरलेल्या तीन सुया घरीच घ्याव्यात का?

मन्याडकाठ:
अण्णांच्या पायाला ऊस तोडताना कोयता लागला. अंगावर काढलं. त्यात शुगर, पाय गुडघ्यापर्यंत टम्म सुजला. लातूरला चार दिवस ॲडमिट होते, रोज एक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन (जंतू मारायची अँटिबायोटिक सुई) शिरेतून. सूज उतरली, सुट्टी झाली, चिठ्ठीत उरलेले तीन डोस 'गावाकडं घ्या' म्हणून लिहिलंय. अहमदपूरचं ग्रामीण रुग्णालय 18 किमी, सकाळची एकच एसटी. गावात एक जण पंधरा वर्षं कंपाउंडर होता, घरी येऊन देतो म्हणतो. माझं मत, घ्यावी. चार पचल्या, पाचवीला काय होणार?

सिस्टर_परभणी:
दादा, हे गणित सुईला चालत नाही. शरीर औषधाला ओळखायला लागतं ते आधीच्या डोसांमुळंच. रिअ‍ॅक्शन पाचव्यालाही येते. अंगावर गांधी, घसा आवळणं, बीपी खाली, सगळं काही मिनिटांत. तेव्हा मांडीत ॲड्रेनलिन द्यावं लागतं. ते तुमच्या कंपाउंडरच्या पिशवीत आहे का, एवढं विचारा.
आणि पाणी कोणतं वापरणार तेही विचारा. बाटलीत पावडर असते. कंबरेत द्यायची तर दुखू नये म्हणून लिग्नोकेन घालतात. तेच मिश्रण शिरेत गेलं तर झटके येतील, हृदयाचे ठोके बिघडतील. चिठ्ठीवर शिरेतून लिहिलंय ना? मग साधं स्टराइल वॉटर, आणि हळूहळू, दोन-चार मिनिटं घेऊन. अशक्तपणाला म्हणून आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) लावून त्याच नळीतून सोडायची हौस करू नका, त्यातल्या कॅल्शियमनं औषधाचा साका बनतो.

कोरडवाहू:
ताई, पुस्तकात सगळं बरोबर आहे. पण शुगरवाला म्हातारा, दुखरा पाय, तीन दिवस रोज जीपमधी कोंबून न्यायचा? एक दिवस जीप मिळत नाही, दुसऱ्या दिवशी पोरगं कामावर, अन् डोस बुडतो. अर्धवट सोडलेला जंतू परत उठला की पाय कापायची पाळी. हे मी घरात बघितलंय. इन्सुलिन तर घरोघरी टोचतात, तिथं कोण नर्स-डॉक्टर बोलावतं?

सिस्टर_परभणी:
इन्सुलिन कातडीखाली जातं भाऊ, शिरेत नाही. पण डोस बुडू नये हे तुमचं खरंय. माझा विरोध घराला नाही, एकट्या माणसानं रिकाम्या हातानं सुई देण्याला आहे.

औषधीवाला_उदगीर:
मी मेडिकल चालवतो. ही औषधी शेड्यूल एच-1 मधली. 2014 पासून चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, पेशंट अन् डॉक्टरचं नाव वहीत लिहायचं. तरी रोज एखादा येतो, "तापीची पावरची सुई द्या." साध्या व्हायरल तापीला तिचा काडीचा उपयोग नाही. अण्णांचं तसं नाही, त्यांना लागतेच. पण सूज उतरली असंल तर गोळीवर येता येईल का, हे डॉक्टरला कुणी विचारलंय? गोळीला ना जीप लागते ना कंपाउंडर.

कोरडवाहू:
गोळीनं भागत असतं तर ॲडमिट कशाला केलं असतं?

औषधीवाला_उदगीर:
पहिले दिवस वेगळे, आताचे वेगळे. पण ते ठरवायचं डॉक्टरनं, मी नाही अन् तुम्हीबी नाही.

सिस्टर_परभणी:
दादा, हातातली इंट्राकॅथ (सुईसाठी शिरेत बसवलेली नळी) तशीच ठेवून घरी आणलीत का? तिथं लाल झालं, दुखलं, तर त्यातून काहीही देऊ नका. तिथूनच नवा जंतुसंसर्ग सुरू होतो.

मन्याडकाठ:
इंट्राकॅथ होती, जरा लालच दिसत होती. आज फोन लागला. डॉक्टर म्हणाले, ती आजच काढा, उरलेल्या सुया ग्रामीण रुग्णालयातच घ्या, दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. गोळीचं परवा पाय बघून सांगतील. उद्याच्या जीपचं भाडं ठरवून आलो. अण्णा मात्र अजून कंपाउंडरवरच अडून बसलेत, त्याचा हात हलका आहे म्हणे.