मुलगी धांदरट आहे की एडीएचडी, आणि शाळा बदलावी का?

प्रश्न (तिसरीतील मुलीची आई, नाशिक)

माझी मुलगी आठ वर्षांची असून सेमी-इंग्रजी शाळेत तिसरीत शिकते. ती वर्गात दंगा करत नाही, शांत बसते. मात्र फळ्यावरून उतरवून घ्यायचा मजकूर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपाशीच थांबतो, बेरजेची रीत येत असूनही हातचा मिळवायचा राहतो आणि पट्टी, खोडरबर, डब्याचे झाकण यांपैकी काहीतरी शाळेतच विसरले जाते. गोष्ट ऐकायला मात्र ती तासभर बसते. वर्गशिक्षिकांनी एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकवण्यात किंवा स्थिर बसण्यात सतत अडचण येणाऱ्या विकासात्मक स्थितीसाठी, तपासणी करून घेण्यास सुचवले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की तिचे वडीलही लहानपणी असेच होते आणि पुढे सारे सुरळीत झाले. काही नातेवाईक तिला लगेच दुसऱ्या, 'ताण नसलेल्या' शाळेत घालावे असे सांगतात. तपासणी कोठून सुरू करावी आणि शाळा बदलावी का, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (बालविकास विषयात काम करणारी डॉक्टर)

दंगा न करणाऱ्या मुलींमधील एडीएचडी फार उशिरा लक्षात येतो, कारण त्यांचा वर्गाला त्रास होत नाही. त्यामुळे आपल्या शिक्षिकांचे निरीक्षण मला मोलाचे वाटते. निदानासाठी कोणतीही रक्तचाचणी किंवा मेंदूचा स्कॅन नसतो. 'डीएसएम-५' या मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या निकषांनुसार अवधानाशी संबंधित ९ लक्षणांपैकी किमान ६ लक्षणे किमान ६ महिने आणि वयाला न शोभणाऱ्या प्रमाणात दिसावी लागतात, त्यांतील काही १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, आणि ती घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळून मुलाच्या कामात अडथळा आणणारी असावी लागतात. म्हणूनच पालक आणि शिक्षक अशा दोघांकडूनही प्रश्नावली भरून घेतली जाते. गोष्ट तासभर ऐकणे हा विरोधी पुरावा नव्हे; आवडीच्या कामात ही मुले रमतात, कंटाळवाण्या पण आवश्यक कामात मात्र त्यांचे लक्ष टिकत नाही.

त्याआधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. मूल झोपेत घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर झोप अपुरी राहूनही दिवसा असेच चित्र दिसते. बोलता बोलता काही सेकंद नजर स्थिर होणे, त्या वेळी हाक मारून वा हात लावूनही भान न येणे आणि पुन्हा पूर्ववत होणे, असे घडत असेल तर तो फेफऱ्याचा एक प्रकार असू शकतो आणि त्याची तपासणी वेगळी असते. सासूबाईंचे वाक्य डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. वडील तसे होते म्हणून मुलीला काहीच नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

सुरुवात आपल्या बालरोगतज्ज्ञांपासून करावी आणि पुढे विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात एडीएचडीचा समावेश असून त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे (डीईआयसी) आहेत. शासकीय जिल्हा रुग्णालयात त्यांची चौकशी करता येते.

उत्तर २ (प्राथमिक शिक्षिका, कोल्हापूर)

डॉक्टरांच्या सूचनेत एक भर घालते. मुलीचा जन्म ऑक्टोबर ते डिसेंबरमधील असेल, तर शाळाप्रवेशाच्या ३१ डिसेंबर या वयोमर्यादेमुळे ती वर्गातील सर्वांत लहान मुलांपैकी असण्याची शक्यता आहे. वर्गातील लहान वयाच्या मुलांना हे निदान अधिक वेळा मिळते, असे अनेक देशांत आढळले आहे, त्यामुळे तुलना वर्गाशी नव्हे तर तिच्या वयाच्या मुलांशी व्हावी.

शाळेबाबत माझे मत स्पष्ट आहे: शाळेच्या पाटीवर काय लिहिले आहे त्यापेक्षा वर्गशिक्षिका काय करतात ते पाहावे. आपल्या शिक्षिकांनी दोष न देता तपासणी सुचवली, हीच मोठी जमेची बाजू आहे. त्यांना भेटून नेमक्या गोष्टी मागाव्यात: खिडकी-दारापासून दूर, पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, दहा गणिते एकदम न देता तीन-तीन करून, फळ्यावरचे सारे उतरवण्याऐवजी काही भाग छापील, आणि अपुरा वर्गपाठ पूर्ण करण्यासाठी मधली सुट्टी कापून न घेणे. ही शेवटची शिक्षा आपल्याकडे सर्रास दिली जाते आणि नेमक्या ज्या मुलांना धावून येण्याची गरज असते त्यांनाच ती मिळते. इतके करूनही शाळा नकार देत असेल, तरच दुसरी शोधावी. तिथेही वर्गाची पटसंख्या किती आणि विशेष शिक्षक पूर्णवेळ असतात का, हे विचारावे.

उत्तर ३ (एका मुलाचे वडील, पुणे)

कागदपत्रांविषयी थोडे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील खास अडचण) आहे, एडीएचडी मात्र स्वतंत्रपणे नाही. या दोन्ही गोष्टी पुष्कळ मुलांमध्ये एकत्र आढळतात, म्हणून वाचन-लेखन-गणिताची तपासणीही करून घ्यावी. अध्ययन अक्षमतेचे शासनमान्य प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. मुक्त विद्यालयाचा (एनआयओएस) पर्याय पुढे दहावीच्या वेळी आहेच. तिसरीत त्याचा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही. 'दाखला घेऊन जा' असा दबाव आला तर लक्षात ठेवावे की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. तिचा जन्म नोव्हेंबरचा आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगेन. निदान झाले तर औषध घ्यावेच लागते का, आणि त्याची सवय लागते का?

उत्तर (डॉक्टर)

सहा वर्षांखालील मुलांत पालक-प्रशिक्षणाला प्राधान्य असते. त्यापुढील वयात त्रास किती आहे ते पाहून औषध आणि वर्तनोपचार यांची सांगड घातली जाते. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीसाठी दिले जाणारे औषध तज्ज्ञांच्या चिठ्ठीनेच मिळते, आणि सांगितलेल्या मात्रेत, देखरेखीखाली घेतल्यास मुलांत व्यसन लागल्याचे सहसा दिसत नाही. भूक मंदावणे आणि झोप उशिरा लागणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत, म्हणून न्याहरी औषधाआधी द्यावी आणि वजन, उंची व रक्तदाब यांची नोंद ठरावीक अंतराने करून घ्यावी.