ग्रब रेस्क्यू येऊन बसलंय, दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारूया. काय करू?

कुर्टीची डीटीपीवाली

नमस्कार. फोनवरून लिहितेय, चुका पोटात घाला.

काल संध्याकाळपासून कॉम्प्युटर काळा पडदा धरून बसलाय. वर "एरर: नो सच पार्टिशन", त्याखाली "ग्रब रेस्क्यू" आणि पुढे लुकलुकणारी काडी. एंटर मारला की काडी एक ओळ खाली सरकते, बाकी ढिम्म.

माझं फोंड्याला, कुर्टीत, घराच्या पडवीतच डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, सप्ताहाच्या कार्यक्रमपत्रिका, गावातल्या नाटकांच्या संहिता. मशीन 2014 साली जोडून घेतलेलं, आय फाइव्ह, चौथी पिढी. विंडोज सेव्हन होतं, त्याचं पुढे टेन केलं. टेनचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि इलेव्हन या मशीनवर बसत नाही. भाचा इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "मावशी, बाजूला लिनक्स मिंट टाकूया, विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम. इंटरनेट त्याच्यावर, तुझं काम विंडोजवर." विंडोज मला सोडताच येत नाही, कारण जुनं सगळं पेजमेकर (पानं लावायचा प्रोग्राम) आणि श्रीलिपी फॉन्टात आहे. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाइल उघडली तर "श्री गणेश प्रसन्न" च्या जागी मुंग्या-डोंगळे दिसतात.

शनिवारी त्याने ई ड्राइव्हमधली 60 जीबी कापून मिंट टाकलं. चालू करताना मेनू यायचा. विंडोज निवडलं तर नीट उघडायचं, मिंट निवडलं की स्क्रीन काळी. काल मी वाण्याकडे गेले होते तेवढ्यात त्याने "हे काढून परत टाकतो" म्हणून पेनड्राइव्हवरून मिंटचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो तुकडा, उडवलं. रीस्टार्ट केल्यावर हे.

दुकानवाला म्हणतो, सीपीयू आणून द्या, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. डी ड्राइव्हवर 2009 पासूनचं काम आहे. अर्धंच बॅकअप आहे, तेही सीड्यांवर. चवथ तोंडावर आलीय, वाड्यावरच्या आरत्यांची पुस्तिका 48 पानांची, त्यातली 30 पानं लावून झालीत. काय करू?

---

डिचोलीकर

ताई, आधी सीपीयू दुकानात पाठवू नका. तुमचं विंडोज शाबूत असण्याचीच शक्यता जास्त आहे.

झालंय काय ते सांगतो. हार्डडिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे एमबीआर, 512 बाइटचा. त्यातले पहिले 446 बाइट म्हणजे मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, पुढचे 64 बाइट म्हणजे पार्टिशनचा तक्ता, शेवटचे 2 नुसती खूण. मिंट टाकताना त्या 446 बाइटांत विंडोजच्या जागी ग्रब, म्हणजे लिनक्सचा मशीन सुरू करायचा प्रोग्राम, येऊन बसला. पण तिथे फक्त त्याचं डोकं मावतं. हातपाय, म्हणजे मेनू आणि बाकीचे भाग, मिंटच्या पार्टिशनवर असतात. भाच्याने ते पार्टिशन उडवलं आणि डोकं तेवढं राहिलं. ते आता विचारतंय, माझे हातपाय कुठे गेले? "नो सच पार्टिशन" चा अर्थ एवढाच.

यावर इलाज पाच मिनिटांचा आहे, पण तो आज करायचा नाही. आधी एक बघून सांगा. मिंटचा तोच पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करा. डेस्कटॉप येईल, त्यावर "इन्स्टॉल" चं चित्र असेल, त्याला हात लावू नका. स्क्रीन पुन्हा काळी राहिली तर पेनड्राइव्हच्या पहिल्या मेनूत "कंपॅटिबिलिटी मोड" निवडा. (भाच्याला सांगा, त्याची काळी स्क्रीन बहुतेक जुन्या ग्राफिक कार्डामुळे होती. ही एक ओळ निवडली असती तर हा सगळा खटाटोप वाचला असता.) मग जीपार्टेड (डिस्कचे तुकडे दाखवणारा प्रोग्राम) उघडा आणि वरच्या पट्टीत कुठले तुकडे, किती जीबीचे दिसतात ते लिहा. फक्त बघायचं, काही दाबायचं नाही.

---

बांद्याचा बाळ

मी असतो तर सरळ फॉरमॅट मारलं असतं. जुनी मशीन, किती जीव काढायचा? डी ड्राइव्ह तसाच राहतो, फॉरमॅट फक्त सी ला मारायचा.

---

डिचोलीकर

बाळ, "फक्त सी ला" हे दुकानात सांगायचं आणि घरी येऊन बघायचं की एकच मोठा सी झालाय. आमच्याकडे हे दोनदा झालंय. आधी त्यांचा डी आहे का ते तर कळू दे.

---

कुर्टीची डीटीपीवाली

बघितलं. हात थरथरतायत. डावीकडून: 100 एमबी, मग 150 जीबी, मग 400 जीबी राखाडी "अनअलोकेटेड", मग 321 जीबी, मग 60 जीबी परत राखाडी. डी 400 चा होता. भाचा शपथेवर सांगतो की त्याने एकच पार्टिशन काढलं.

---

डिचोलीकर

तो खोटं बोलत नसावा. जीपार्टेडमध्ये "डिलीट" दाबलं की लगेच काही होत नाही. खाली यादी साचत जाते आणि वरची बरोबरची हिरवी खूण दाबली की सगळी यादी एकदम अमलात येते. त्याने आधी चुकून डी वर डिलीट दाबलं असणार, मग चूक लक्षात येऊन मिंटवर दाबलं, पण पहिलं यादीतून काढायचं राहिलं. शिवाय लिनक्समध्ये सी-डी-ई अशी अक्षरं नसतात, एसडीए5, एसडीए6 असे नंबर असतात. नवख्याला त्यात डी ओळखूच येत नाही. पोराला मारू नका.

आता चांगली बातमी. पार्टिशन डिलीट केल्याने फक्त तक्त्यातली नोंद पुसली जाते. आतला मजकूर जागच्या जागी असतो, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. म्हणून त्या 400 जीबीत काहीही टाकायचं नाही, फॉरमॅट करायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

बाजारातून 2 टीबीची बाहेरची हार्डडिस्क आणा. 1 टीबीची पुरणार नाही, कारण आख्ख्या डिस्कची प्रत घ्यायचीय. कमांड मी देवनागरीत लिहितोय, फोनवर सांगतात तशा. टाइप इंग्रजीत करा, नाहीतर भाच्याला करू द्या, त्याचं पापक्षालन होईल.

मिंटच्या पेनड्राइव्हवरूनच टर्मिनल उघडून "सुडो एप्ट इन्स्टॉल जीडीडीरेस्क्यू टेस्टडिस्क". पहिला प्रोग्राम डिस्कची प्रत काढतो, दुसरा हरवलेलं पार्टिशन शोधतो. हे रॅममध्ये बसतं, डिस्कवर जात नाही. मग डीडीरेस्क्यूने एसडीए ची, म्हणजे आख्ख्या डिस्कची, प्रत बाहेरच्या डिस्कवर फाइल म्हणून घ्या आणि त्याची मॅपफाइल पण बाहेरच्याच डिस्कवर ठेवा. पावसात आपल्याकडे वीज कधी जाईल नेम नाही. मॅपफाइल असली की जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं.

प्रत झाल्यावर टेस्टडिस्क. डिस्क निवडा, प्रकार "इंटेल", मग "अनालाइझ", मग "क्विक सर्च". हरवलेलं 400 जीबीचं पार्टिशन यादीत आलं की त्याच्यावर उभं राहून पी दाबा. आतल्या फायली दिसल्या पाहिजेत. दिसल्या नाहीत तर पुढे जायचं नाही, इथे येऊन विचारायचं. दिसल्या तर त्या ओळीच्या सुरुवातीला एल आहे का बघा, लॉजिकलचा. नसेल तर डाव्या-उजव्या बाणाने करा. यादीत 60 जीबीचं मिंट पण उगवेल, त्यावर डी करा, म्हणजे ते डिलीटेडच राहील. मग "राइट".

हे झाल्यावरच पाच मिनिटांचा इलाज: कुणाच्या तरी चालू विंडोजवरून 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज टेन बनवून घ्या, त्यावरून सुरू करून "रिपेअर युअर कॉम्प्युटर" मध्ये कमांड प्रॉम्प्ट, आणि "बूटरेक स्लॅश फिक्सएमबीआर". हे फक्त ते 446 बाइट बदलतं, तक्त्याला शिवत नाही. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसेल, एकाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं. तुमचं विंडोज जुन्या पद्धतीचं आहे, म्हणून दुसरा निवडा.

---

म्हापशेकर_76

हा धागा वाचून कुणी नव्या लॅपटॉपवर फिक्सएमबीआर मारत बसाल म्हणून मध्येच तोंड घालतो. नव्या मशीनवर ही भानगडच वेगळी. तिथे डिस्क जीपीटी (तक्त्याची नवी पद्धत) असते आणि विंडोज व लिनक्स दोघांचे सुरू करायचे प्रोग्राम एका छोट्या एफएटी32 पार्टिशनवर शेजारी-शेजारी, आपापल्या फोल्डरमध्ये राहतात. लिनक्स उडवलं तरी विंडोजचा फोल्डर तिथेच असतो, बहुतेक वेळा बायोसमध्ये जाऊन "विंडोज बूट मॅनेजर" पहिल्या नंबरवर आणला की काम होतं.

माझी गंमत निराळीच झाली. मुलीच्या विंडोज इलेव्हनच्या लॅपटॉपवर उबुंटू (मिंटसारखंच लिनक्स) टाकायला सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सेटिंग, बंद केलं. उबुंटू काही जमलं नाही, परत विंडोज लावायला गेलो तर निळा पडदा: 48 आकडी बिटलॉकर रिकव्हरी की द्या. आम्ही बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, कधी लावलंच नव्हतं! नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. की मुलीच्या खात्यात सापडली म्हणून निभावलं. ते 48 आकडे सहा-सहाच्या आठ गटांत येतात. मी मोठ्याने वाचत होतो, ती टाइप करत होती, आणि आई देवघरातून विचारते, "कसलं स्तोत्र लावलंय रे?"

तर नवा लॅपटॉप असेल तर आधी ती की कागदावर उतरवा, मग काय ते प्रयोग करा.

---

कुर्टीची डीटीपीवाली

चार दिवसांनी लिहितेय.

2 टीबीची डिस्क पणजीहून मागवली. रात्री नऊला प्रत लावली, अकराला वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलीय, तिच्यावर मी फक्त देवाचं कॅलेंडर टेकवून ठेवते. वीज आल्यावर भाच्याने पेनड्राइव्हवरून मशीन परत चालू केलं, ते दोन प्रोग्राम पुन्हा घातले, तीच कमांड दिली, आणि खरंच तिथूनच पुढे सुरू झालं. अडीचला संपली. मी तोवर कोकम सोलांचे डबे पुसत बसले होते, झोप कुठली.

सकाळी टेस्टडिस्क. काळ्या पडद्यावर हिरव्या ओळी आल्या. भाच्याने पी दाबलं आणि एकदम माझे फोल्डर: जत्रा 2011, जत्रा 2012, लग्न जुने, नाटक, आरत्या चवथ. मी त्याला म्हटलं, थांब, पुढे काही दाबू नकोस, मला एकदा वाचू दे. सगळी यादी वरून खाली वाचली. मग राइट केलं. मिंटवर डी करायचा असतो हे तो विसरत होता, तुमचा मेसेज शेजारी उघडून ठेवला होता म्हणून वाचलो.

विंडोजचा पेनड्राइव्ह शेजारच्या मास्तरांच्या लॅपटॉपवर बनवला. फिक्सएमबीआर मारल्यावर एकच ओळ आली, काम झाल्याची. रीस्टार्ट, आणि विंडोज जसं होतं तसं. डी आहे, ई आहे. आरत्यांची फाइल उघडली, तिसाही पानं जागेवर.

एकच शंका. घड्याळ साडेपाच तास मागे पडलंय. दुपारी दोन वाजता साडेआठ दाखवतंय. आतलं काही बिघडलंय का?

डिचोलीकर, देव बरें करूं तुमचें.

---

डिचोलीकर

बिघडलेलं नाही. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच आपली वेळ समजतं. भारताचा फरक साडेपाच तासांचा, तेवढंच मागे. विंडोजच्या तारीख-वेळेत जाऊन "सिंक नाउ" दाबा. पुढे कधी मिंट टाकलंच तर त्याला "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1" सांगायचं, मग दोघांचं भांडण होत नाही.

ती यूपीएसची बॅटरी मात्र बदला.

---

कुर्टीची डीटीपीवाली

घड्याळ जमलं. बॅटरीचं बघते, आरत्यांचे पैसे आले की.

मिंट भाच्याने आता त्याच्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर टाकलंय, एकटंच, कंपॅटिबिलिटी मोडमधून. माझ्या मशीनला हात लावायच्या आधी विचारतो. सध्या त्याला आरत्यांची प्रुफं वाचायला बसवलाय. "घालीन लोटांगण" मध्ये त्याने तीन चुका काढल्या, त्यातल्या दोन खऱ्या निघाल्या.